आधी चहा, मग कायदा

मोरे मॅडम एखाद्याच्या दारात बुटांच्या नाड्या बांधायला बसल्या, की मी खुशाल भिंतीला टेकून उभा राहायचो. आता बराच वेळ हलायचं नाही, हे मला अनुभवाने कळलेलं. साडीवर स्पोर्ट्स शूज घालणाऱ्या बायका आता पुष्कळ दिसतात, पण मी सांगतोय तेव्हा आमच्या अख्ख्या ऑफिसात त्या एकट्याच. बरं, घालायचे तर घाला, पण प्रत्येक घराबाहेर ते काढायचे. आमचं कामच लोकांची घरं तपासण्याचं. म्हणजे दिवसभर काढा आणि घाला. मी एकदा म्हटलं की मॅडम, तपासणीला आलेला माणूस बूट घालून आत गेला तर कोण अडवणार आहे, पोलीस नाही का जात? त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, "पोलिसांना कुणी चहा विचारतं का, दातार?"

आमचं काम थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. रस्ता रुंद झाला, पूल आला, नाला वाढवला, की त्यात कुणाची ना कुणाची घरं जातात. त्या लोकांना इमारतींमध्ये घरं द्यायची, आणि दिल्यावर ते तिथे नीट राहतात का ते बघायचं. इकडे ठाण्यात बाळकुमला, तिकडे पार कल्याणपर्यंत अशा इमारती पसरलेल्या. घर मिळालंय त्याने स्वतः राहायचं, भाड्याने द्यायचं नाही, परस्पर विकायचं नाही, जिन्यात संसार मांडायचा नाही, असे नियम. ते पाळले जातात का हे बघणं, आणि नाही पाळले तर ते प्रकरण शेवटाला नेणं, हे मोरे मॅडमकडे. त्यांच्या टेबलावर पाटी होती: अनुपालन व प्रकरण व्यवस्थापन अधिकारी. ती वाचून होईपर्यंत माणूस आपण कशाला आलो ते विसरायचा. त्यामुळे सगळे त्यांना घराच्या मॅडम म्हणायचे.

मी पाणी खात्यातून त्यांच्याकडे लिहिण्याच्या कामाला आलेलो. डोंबिवलीहून यायचं, पंख्याखालची खुर्ची पकडायची, वेळेवर डबा खायचा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. तिची या बाईंनी पहिल्याच आठवड्यात वाट लावली. सकाळी आल्या आल्या त्यांनी माझ्या टेबलावर टिचकी मारली आणि विचारलं की तुमच्या पायांना काही त्रास नाही ना. मला वाटलं, काय माया आहे! मी म्हटलं, अजिबात नाही. "मग चला," म्हणाल्या, आणि त्या दिवशी लिफ्ट बंद असलेल्या दोन इमारती आम्ही वरपासून खालपर्यंत केल्या. संध्याकाळी बायकोने विचारलं की आज काय झालं, तर मी पाय बादलीत सोडून नुसता बसून होतो.

दिसायला म्हणाल तर बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, सुती साडी, पदराला भलीमोठी पिन. बारा महिने काखेत छत्री. पावसाळ्यात पावसाला, उन्हाळ्यात उन्हाला, थंडीत कुत्र्यांना. आवाज मऊ. ओरडलेल्या मी कधी ऐकल्या नाहीत. रागावल्या की समोरच्याला 'अहो जाहो' करायला लागायच्या. एरवी सगळ्यांना अरे, अगं, काका, ताई. इमारतीतल्या एखाद्या पोराला त्यांनी "आपण जरा इकडे येता का?" असं म्हटलं, की बाकीची पोरं पळून जायची.

त्यांची तपासणीची पद्धत कुठल्या परिपत्रकात सापडणार नाही. दार वाजवायचं आणि एक पाऊल मागे सरून उभं राहायचं. बूट काढायचे. आत जाऊन बसायचं आणि कागद बघायच्या आधी म्हणायचं, "चहा करता का थोडा? आधी चहा, मग कायदा." लोक खूश. एवढी मोठी मॅडम आपल्या घरचा चहा मागते, आपपरभाव ठेवत नाही. आणि त्यात खोटं काही नव्हतं, बाईंना चहा खरोखर प्रिय होता. गवती चहाचा, आल्याचा, नुसत्या दुधाचा, टपरीसारखा काळाकुट्ट, सगळा चालायचा, फक्त गोड पाहिजे. पण कप हातात येईपर्यंत त्यांची अर्धी तपासणी उरकलेली असायची. चहा करणाऱ्याचा हात कुठे जातो, तेवढंच त्या बघत बसायच्या. जो घरात राहतो त्याचा हात बोलता बोलता साखरेच्या डब्यावर जातो. जो फक्त तपासणीच्या दिवशी किल्ली घेऊन येतो, तो सगळी झाकणं उघडत बसतो.

कल्याणच्या एका इमारतीत याचा मासला बघितला. घर ज्याच्या नावावर, तो गृहस्थ कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभा. या, या, म्हणाला, आमचंच घर आहे. घरात एक बाई आणि तिची लहान मुलगी होती. ही माझी लांबची वहिनी, पाहुणी आलीय, असं त्याने सांगितलं. मॅडम म्हणाल्या की पाहुणीला कशाला त्रास, चहा तुम्हीच करा. गृहस्थ ओट्याशी गेला. पहिल्या डब्यात पोहे. दुसऱ्यात तुरीची डाळ. तिसऱ्यात तिखट निघालं आणि ते त्याच्या नाकात गेलं. तो शिंकायला लागला, तशी ती एवढीशी मुलगी पुढे आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "अंकल, शक्कर तो नीले डब्बे में है."

मी तोंडावर रुमाल धरला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "आपण आता बसावं," त्या गृहस्थाला म्हणाल्या, आणि मला कळलं की याचं घर गेलं. गेलंही. पण निघताना त्या नेहमीसारख्या दाराबाहेरच्या पायरीवर बुटाच्या नाड्या बांधायला बसल्या आणि ती 'पाहुणी' उंबऱ्याशी येऊन रडायला लागली. नवरा रिक्षा चालवतो, अनामत रक्कम या माणसाने घेतलीय, आता आम्ही कुठे जायचं? मॅडमनी ते सगळं एका बुटाची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत ऐकलं. घराला सील लागलं ते त्या बाईला शहाड स्टेशनजवळच्या चाळीत खोली मिळाल्यावर, आणि अनामत त्या इस्त्रीवाल्याकडून परत निघाल्यावर. खोली मॅडमनीच शोधली. हे त्यांच्या कामात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा मला त्या बुटांचं मर्म कळलं. आत खुर्चीवर बसलं की लोक साहेबाशी बोलतात, छापील बोलतात. निघताना पायरीवर वाकून बसलेल्या बाईशी मात्र माणूस खरं बोलून जातो. मॅडमची गाठ कधी लवकर बसली नाही. एखाद्या घरात काही तरी अडलंय असं वाटलं, की ती दोनदा सुटायची.

हसायला येईल अशा प्रकरणांना तोटा नव्हता. एका इमारतीत खाडीकाठच्या गावातून आलेली एक बाई गच्चीवर सुकट वाळत घालायची आणि खालच्या मजल्यावरची शाकाहारी बाई रोज तक्रार करायची. दोघींनी आमच्या कक्षाला जेरीस आणलेलं. मॅडमनी दोघींना गच्चीवर बोलावलं, वारा कुठून कुठे जातो ते बघू म्हणाल्या, आणि छत्री उघडून उभ्या राहिल्या. छत्री जी उडाली, ती थेट मागच्या नाल्याच्या काठावर. दोघी बायका "अगं बाई, मॅडमची छत्री!" करत खाली धावल्या. एकीने काठी आणली, दुसरीने तिचा हात धरला. छत्री घेऊन वर आल्या तेव्हा दोघींच्या साड्यांना चिखल, दोघी हसतायत, आणि सुकट मागच्या कोपऱ्यात घालायची असं जिन्यातच ठरलेलं. मॅडमनी छत्री मुद्दाम सोडली का, हे मी त्यांना खूपदा विचारलं. त्या म्हणायच्या की वारा फार होता. त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं, एवढं मला आठवतंय.

अशा बाईंचा एकदा सपशेल अंदाज चुकला. आणि तो चुकला तेव्हा एका म्हाताऱ्याचं घर जाता जाता राहिलं.

बाळकुमला पाचव्या मजल्यावर भोईरकाका म्हणून होते. तिथल्याच जुन्या गावातले. रस्त्यात त्यांचं घर गेलं, दारची विहीर गेली, आणि त्याच्या बदल्यात हे घर मिळालेलं. त्यांच्याविरुद्ध निनावी तक्रार आली की घर कायम बंद असतं, इथे कोणी राहत नाही, म्हातारा-म्हातारी दुसरीकडे असतात. आम्ही गेलो. त्या संध्याकाळी मॅडमच्या भाचीचा साखरपुडा होता, तिथूनच परस्पर जायचं म्हणून त्या जरीची साडी नेसून आलेल्या आणि पायात चपला. जिने चढताना मी त्यावरून चेष्टाही केली.

काका घरात एकटेच होते. उंच, काटक, डोक्यावर पांढरी टोपी. ओटा कोरडा ठणठणीत. विजेचं मीटर जवळजवळ हललेलंच नाही. काकी कुठे विचारलं तर म्हणाले, लेकीकडे गेलीय शहाडला, झाले दोन महिने. मॅडमनी चहा मागितला. काका ओट्याशी गेले. डबा उघडला, तांदूळ. दुसरा उघडला, सुके बोंबील. मग वरच्या फळीवर हात घालून चाचपलं, खालच्या कपाटात वाकून बघितलं. शेवटी आमच्याकडे पाठ करूनच उभे राहिले. म्हणाले, "साखर कुठं ठेवलीय कोन जाने. राहू दे बाय, तुमाला थंडा आनतो."

थंडा नको, मॅडम म्हणाल्या. "आपण तसदी घेऊ नये."

चपला सरकवल्या आणि निघालो. काका दारापर्यंत आलेले, काही तरी बोलायला तोंड उघडलंही होतं बहुतेक, पण आम्ही तोवर जिन्यात. मी शेरा लिहिला, वास्तव्य आढळले नाही. मॅडमनी सही केली. घर रद्द का करू नये अशी नोटीस गेली आणि सुनावणीची तारीख लागली. काकांच्या पुतण्याने येऊन सांगितलं की काका इथेच राहतात, जेवायला माझ्याकडे असतात, दिवसभर जुन्या देवळाच्या कट्ट्यावर बसतात म्हणून घराला कुलूप दिसतं. पण असे साक्षीला पुतणे सगळेच आणतात. सुनावणी घेणाऱ्या आमच्या साहेबांनी घर रद्द करण्याच्या आदेशाचा मसुदा तयार ठेवायला सांगितला आणि तो मीच टाइप केला.

सुनावणीच्या दिवशी भोईरकाका वेळेच्या पुष्कळ आधी येऊन बाकावर बसलेले. धुतलेला सदरा, तीच टोपी, हातात नोटिशीची घडी. आमच्याकडे बाकावर बसलेल्या प्रत्येकाला कॅन्टीनचा चहा मिळायचा, ही मॅडमचीच शिस्त. भांडायला आलेला असो की रडायला, आधी चहा. कॅन्टीनचा चहा म्हणजे साखरेच्या पाकात पावडर टाकलेली. काकांनी कप हातात घेतला, डावीउजवीकडे बघितलं, आणि दोन घोटांत संपवला. मग तळाशी राहिलेला थेंब कप उलटा करून जिभेवर घेतला. डोळे मिटलेले. घर जायच्या दिवशी एवढा सुखी चेहरा मी कुणाचा बघितला नव्हता.

मॅडम आत जायला निघालेल्या, त्या थबकल्या. दुसरा कप मागवला. तोही गेला.

"लई दिवसांनी गोड चहा मिलला," काका म्हणाले.

मॅडम त्यांच्याशेजारी बाकावर टेकल्या. त्या दिवशी बूट होते. त्या वाकल्या आणि नाडीची चांगली बसलेली गाठ त्यांनी सोडली. मग बुटाकडे बघतच विचारलं की घरी गोड करत नाहीत का काकी? काकांनी आजूबाजूला बघितलं. बाजूला मी होतो, पलीकडे दुसरी माणसं होती. शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाले, "मना शुगर हाय, बाय. म्हातारी साखर लपवते. घर मिललं तवापासून लपवते. मी सगलं घर धुंडलं, नाय गावत."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. ज्या एका गोष्टीवरून त्यांनी या माणसाला खोटा ठरवला, ती त्याला ठाऊक नव्हती कारण तो त्याच घरात राहत होता. परक्या माणसाला सापडली असती एक वेळ. आणि बायको आपल्यापासून साखर लपवते, हे तो एका सरकारी बाईला तिच्या तोंडावर कसं सांगणार? दारात सांगितलं असतं कदाचित. "त्या दिवशी मी चपला घातलेल्या," मॅडम म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

त्या साहेबांकडे गेल्या आणि दोन दिवस मागून घेतले. साहेबांना घाई होती, त्या घराच्या मागे यादीत दुसरी माणसं उभी होती. दोन दिवसांत पुरावा आणा, नाही तर मी सही करतो, असं त्यांनी सांगितलं. काकांना घरी पाठवलं आणि आम्ही दोघं तडक शहाडला.

भोईरकाकी लेकीच्या घरी नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या. बाळ जेमतेम दोन महिन्यांचं. मॅडमनी बूट काढले, बाळाच्या तळपायाला बोट लावलं आणि सरळ सांगून टाकलं की काकी, माझ्या चुकीने तुमचं घर जायला आलंय, साखर कुठे ठेवलीय ते सांगा, मी जाऊन बघते आणि लिहिते, तुम्ही तिथे राहता याचा तोच पुरावा. काकींनी बाळाला थोपटणं थांबवलं. मला वाटलं, बाई पटकन सांगून मोकळ्या होतील. छे! त्या विचार करत बसल्या. मॅडम म्हणाल्या की काकी, घर जाईल. तशी काकी म्हणाल्या, "घर गेलं तर दुसरं मिलंल एकादं. म्हातारा नाय मिलायचा. त्याला कललं ना, तर दोन दिवसांत डबा खाली करंल तो."

मग मॅडमनी शपथ घेतली. काकांना कळणार नाही, ऑफिसात कळणार नाही, कागदावर येणार नाही. काकींनी माझ्याकडे बोट केलं. मॅडम म्हणाल्या, यालाही नाही. मला खोलीबाहेर काढलं आणि दोघी आत कुजबुजल्या. लेकीलासुद्धा माझ्याबरोबर बाहेर उभं केलं. ती मला म्हणाली की मला पण अजून ठाऊक नाही, काका.

दुसऱ्या दिवशी बाळकुम. आता काकांच्या डोळ्यांदेखत साखर काढायची तर शपथ मोडणार. मॅडम काकांना म्हणाल्या की हे आमचे दातार पाणी खात्यातले आहेत, त्यांना गच्चीवरची टाकी दाखवून आणा, गळते म्हणे. टाकी ठणठणीत होती. पण काका मला मोठ्या उत्साहाने वर घेऊन गेले, आणि टाकी राहिली बाजूला, कठड्याशी उभं करून खालचा रस्ता दाखवायला लागले. तो दिव्याचा खांब दिसतो, तिथे माझी विहीर. बस थांबते, तिथे ओटी. त्या पलीकडे शेवग्याचं झाड होतं, अख्खी आळी शेंगा न्यायची.

"पयल्या वर्साला या घरात झोप नव्हती येत," म्हणाले. "पाचव्या माल्यावर मानूस झोपतो काय? आता कुठं मन लागलं. तर तुमचा कागद आला."

मसुदा टाइप करणारी बोटं माझीच होती. मी म्हटलं की काका, काही होणार नाही. असं म्हणायचा मला काही अधिकार नव्हता.

खाली आलो तर मॅडम दारातल्या पायरीवर बसून शांतपणे नाड्या बांधत होत्या. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. काकांनी त्यांच्या हाताकडे, पिशवीकडे, पार साडीच्या निऱ्यांकडे निरखून बघितलं, साखरेचा एखादा कण तरी दिसतोय का म्हणून. "गावली?" त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या की गावली, आणि सांगणार नाही. काकांनी सुस्कारा सोडला आणि मग दोघंही हसायला लागले.

अहवाल मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिला. पहिला शेरा फाडून टाका, नवा लावा, कशाला स्वतःवर ओढवून घेताय, असं साहेबांनी त्यांच्या भल्यासाठीच सुचवलं. त्या ऐकेनात. पहिला शेरा तसाच ठेवला आणि त्याखाली लिहिलं की वरील निष्कर्ष चुकीचा असून चूक माझी आहे. त्याखाली दोन ओळी: 'साखर आढळली. ठिकाण गोपनीय.' साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. सरकारी कागदावर ठिकाण गोपनीय म्हणजे काय, असं विचारलं. अहवालाची प्रत भोईरांना जाते, मॅडम म्हणाल्या. आमचे साहेब तसे हसण्यातले नव्हते. पण त्या दिवशी केबिनच्या काचेतून त्यांचे खांदे हलताना अख्ख्या ऑफिसाने बघितले. भोईरांचं घर राहिलं. मी मसुदा फाडला, आणि चांगला बारीक फाडला.

त्यानंतर मोरे मॅडमनी साखरेची परीक्षा कायमची बंद केली. चहा चालू राहिला, तो सुटण्यातला नव्हता. पण आता चहा पिता पिता त्या एक वेगळाच प्रश्न विचारायच्या: "या घरात तुमच्यापासून काय लपवून ठेवतात?" खोटा माणूस म्हणायचा की छे, आमच्याकडे असलं काही नाही. राहणारा माणूस मात्र पेटून उठायचा. एक आजोबा म्हणाले तंबाखूची पुडी. एक सून म्हणाली तुपाची बरणी, आणि सासूकडे बघितलं. एका पोराने तर रडत रडत मोबाईलचा चार्जर म्हणून सांगितलं. खरोखर, ज्याच्यापासून घरात काही लपवलेलं नाही असा माणूस त्या घरचा नव्हेच, असं मलाही हळूहळू वाटायला लागलं. मी एकदा घरी बायकोला सहज विचारलं की माझ्यापासून काय लपवतेस. ती म्हणाली, ते सांगितलं तर लपवलं कसलं?

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा भोईरकाका आणि काकी निरोपाला आले. काकींनी तिळाचे लाडू आणलेले, मोजून, आणि वाटप होईपर्यंत डब्यावरचा हात काढला नाही. काकांनी माझ्या कानाशी लागून विचारलं की बाय आता रिटायर झाली, तर आता सांगंल काय? मी म्हटलं की विचारून बघा. त्यांनी विचारलं. मॅडमनी त्यांच्या हातावर लाडू ठेवला आणि विषय बदलला.

मग बरेच दिवस भेट नाही. मी कामाला जुंपलेला, त्या कल्याणला आपल्या घरी. गेल्या हिवाळ्यात कल्याणला एक तपासणी लवकर संपली आणि मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडलं तर मॅडम बारीक झालेल्या, पण पदराची पिन तीच आणि आवाजही तोच. "अरे दातार!" म्हणाल्या, आणि मी वाकून बूट काढायला लागलो तर पायांकडे बघून खूश झाल्या. कारण आता मीही नाड्यांचे बूट घालतो.

घर लखलखीत. शोकेसमध्ये बुद्धाची छोटी मूर्ती, पुढे ताजी फुलं. मुलगा आणि सून कामावर, मिस्टर बाजारात गेलेले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. तब्येतीचं विचारलं तर हात झटकून म्हणाल्या की डॉक्टरांना काय, काही ना काही सांगतात. मग उठल्याच. बसा, आधी चहा.

मी खुर्चीवरून ओटा दिसेल असा बसलो. मुद्दाम नाही, सवयच ती. मॅडमनी आधण ठेवलं, आलं ठेचलं, पावडर टाकली. मग हात फळीवर गेला. एक डबा उघडला, बंद केला. दुसरा उघडला. खालचं कपाट उघडून वाकल्या. मिक्सरच्या मागे बघितलं. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बघितला. मी जागेवरून उठलो नाही. आधण उकळून वर यायला लागलं तसा त्यांनी गॅस बारीक केला आणि हाताचं पीठ झटकत उभ्या राहिल्या.

"सून लपवते?" मी विचारलं.

"तीन महिने झाले," मॅडम म्हणाल्या. "भोईरकाकींची जागासुद्धा बघून झाली. तिथेही नाही."

इतकी वर्षं ज्यांच्या ज्यांच्या घरचा गोड चहा ही बाई प्यायली, ती सगळी घरं माझ्या डोळ्यांपुढून गेली. वाईट वाटलं, आणि हसूही आवरेना. मॅडमनी चहा गाळला, बिनसाखरेचा, दोन कप. एक माझ्यापुढे ठेवला. स्वतःच्या कपातला एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि घरभर एकदा नजर फिरवून ऑफिसातल्यासारख्याच मऊ आवाजात म्हणाल्या,

"लिहा दातार. वास्तव्य आढळले."